चारचा आकडा

गेल्या दिवाळीत आमचा अकोटचा भाचा सहकुटुंब बुऱ्हाणपुरास आला होता. अकोटचा म्हणावयाचे ते केवळ सवयीने. गेली कित्येक वर्षे त्याचे बिऱ्हाड अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात आहे आणि नोकरी नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात. रोज सकाळी बसने हडसन नदीखालच्या बोगद्यातून जावयाचे व संध्याकाळी त्याच वाटेने परतावयाचे, असा त्याचा क्रम आहे. फराळाचे ताट पुढे घेऊन बसला असता तो सहज म्हणाला, ‘‘मामा, आमची बस बोगद्यात शिरण्याआधी एक मोठा वळसा घेते. रोज त्या वळशावर मला आपला चारचा आकडा आठवतो. वाटतं, आता आई डबा उघडणार.’’

एवढे बोलून तो गप्प झाला व आम्हीही गप्प झालो. कारण डबा उघडणारी आमची ताई आता नाही, आणि तो चारचा आकडाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

भाच्याचा मुलगा दहा वर्षांचा. त्याने लगेच विचारले, ‘‘आजोबा, चारचा आकडा म्हणजे काय?’’ त्या एका प्रश्नातून पुढचे चार दिवस आमच्या घरात जे बोलणे झाले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेक कुटुंबे वऱ्हाड, निमाड आणि माळवा यांच्यामध्ये विखुरलेली आहेत. त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

लाटण्यावरचा रस्ता

प्रथम भाच्याच्या वळशाविषयी. न्यू जर्सीच्या बाजूला हडसन नदीचा काठ म्हणजे सपाट वाळवंट नव्हे, उभा खडकाळ कडा आहे. शहरे आणि महामार्ग कड्यावर, तर लिंकन बोगद्याचे तोंड त्याच्या पायथ्याशी; आणि बोगदा तर त्याहूनही खाली, नदीच्या तळाखालून जातो. मोटारींना कड्यावरून थेट खाली सोडावे तर उतार फार तीव्र होईल. म्हणून वीहॉकन या गावी खांबांवर उचललेला एक रस्ता बांधला आहे. तो वाटोळा फिरत फिरत हलकेच खाली उतरतो. त्यास तेथील लोक ‘हेलिक्स’ म्हणतात. बोगद्याची पहिली नळी १९३७ च्या डिसेंबरात वाहतुकीस खुली झाली, दुसरी १९४५ साली आणि तिसरी १९५७ साली. आज दररोज लाखाहून अधिक वाहने त्यातून ये-जा करतात. सकाळच्या गर्दीत केवळ बसगाड्यांसाठी एक स्वतंत्र पट्टा राखण्याची पद्धत १९७० सालापासून तेथे आहे. त्या वळशावर बस वळू लागली की पलीकडच्या काठावरचे उंच मनोरे खिडकीतून हळूहळू सरकत जातात, असे भाचा सांगत होता.

नातवाला हे शब्दांनी पटेना. तेव्हा सूनबाईंनी स्वयंपाकघरातून लाटणे आणले. आम्ही कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापला, त्याची उभी बाजू लाटण्यास लावली आणि कागद लाटण्याभोवती गुंडाळला. त्रिकोणाची तिरपी कड लाटण्यावर वेढे घेत वर चढली. कागद उलगडला की तीच कड सरळ आणि मंद चढाची. गुंडाळला की तीच थोड्या जागेत मावणारी. ‘‘म्हणजे रस्ता तेवढाच लांब, फक्त घडी घालून ठेवलेला,’’ असे मुलाने म्हटले. आम्हांस याहून चांगले सांगता आले नसते.

रेल्वेला ही युक्ती मोटारीपेक्षाही अधिक लागते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार सहज धावते, हा तिचा गुण. पण चढणीवर तेच चाक घसरते, हा तिचा दोष. समजा, गाडीस तीस मीटर उंची चढावयाची आहे आणि साठ मीटरांस एक मीटर एवढाच चढ तिला झेपतो. मग अठराशे मीटर रूळ हवेत. दरीत सरळ जागा सहाशे मीटरच असेल, तर उरलेले बाराशे मीटर आणावयाचे कोठून? बोरघाटात, जेथे चढ सदतिसास एक इतका कडक आहे, १८६३ साली इंग्रज अभियंत्यांनी गाडी एका ठिकाणी थांबवून उलट दिशेने पुढे नेण्याची व्यवस्था केली होती. दार्जिलिंगच्या चिमुकल्या गाडीला असे मागे-पुढे होणेही आहे आणि वाटोळे फिरणेही आहे. स्वित्झर्लंडमध्ये ब्रूसिओ येथे १९०८ सालापासून गाडी दगडी कमानींच्या पुलावरून उघड्या माळावर पुरती फेरी घेते आणि आपल्याच पुलाखालून निघून जाते. जगातील या मोजक्या वेढ्यांपैकी एक आमच्या बुऱ्हाणपूरच्या शेजारी, मेळघाटच्या अरण्यात होता. तो धूळघाटचा वेढा.

सातपुड्यातील गाडी

अकोला ते खांडवा हा मीटर गेजचा मार्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. खांडव्याहून इंदूरकडे जाणारा छोटा मार्ग होळकरांच्या पैशाने झाला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. १८७४ साली खांडव्याहून सनावदपर्यंत गाडी सुरू झाली, १८७६ साली नर्मदेवर पूल झाला आणि १८७८ पर्यंत रूळ इंदुरास पोहोचले. दक्षिणेकडून निजामाच्या राज्यातील छोटा मार्ग हिंगोलीपर्यंत आलेला होता. मध्ये उरला होता वऱ्हाडचा पट्टा आणि सातपुडा. स्वातंत्र्यानंतर हा दुवा हाती घेण्यात आला व १९६० च्या सुमारास पुरा झाला. उत्तरेचे आणि दक्षिणेचे छोटे मार्ग त्यायोगे एकमेकांस मिळाले. राजस्थानातून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस रतलाम, इंदूर, खांडवा, अकोला, पूर्णा असा प्रवास करीत हैदराबादेकडे जाऊ लागली.

पण आमच्या दृष्टीने मोठी गाडी ती नव्हे. आमची गाडी म्हणजे पॅसेंजर. आमचे आजोळ खांडव्याचे. ताई दिली अकोटास. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत बुऱ्हाणपूरहून खांडवा, आणि तेथून आजीचे बोट धरून ताईकडे अकोट, हा आमचा ठरलेला मार्ग. आमला खुर्द, तुकईथड ही स्थानके मागे पडत. तापी ओलांडली की डोंगर जवळ येई. डाबका, मग धूळघाट, मग वान रोड, आणि मग हिवरखेडच्या बाजूस एकाएकी डोंगर संपून वऱ्हाडची काळी, सपाट जमीन पसरलेली दिसे.

धूळघाटच्या परिसरात तो वेढा होता. रूळ डोंगराच्या कुशीत पुरते वर्तुळ घेत आणि स्वतःवरूनच पुलाने पार होत. एका दिशेने जाताना गाडी आधी पुलाखालून जाई आणि थोड्या वेळाने त्याच पुलावरून. परतताना याच्या उलट. आपला ४ हा अंक लिहिताना लेखणी जशी फिरते आणि आपलीच रेघ ओलांडून पुढे जाते, तसाच तो रुळांचा आकार. म्हणूनच लोक त्याला ‘चारचा आकडा’ म्हणत. रोमन अक्षरांत शिकलेल्यास या नावातील गंमत कळणार नाही. ती देवनागरी गिरवलेल्यालाच कळावयाची.

आमच्या घराण्याचा नियम असा की, डबा तेथेच उघडावयाचा. तो नियम ताईचा. लग्नानंतर पहिल्यांदा ती माहेरी येत असताना गाडी त्या वळशावर आली, आणि रडे आवरावे म्हणून तिने डबा उघडला, असे आजी सांगत असे. पुढे तो रिवाजच पडला. धपाटे, तिळाची चटणी, कांदा. समोरच्या बाकावर बहुधा कोरकू बाया बसलेल्या असत. त्यांच्या टोपल्यांत कधी मोहाची फुले, कधी चारोळी. धपाट्याचा तुकडा तिकडे जाई आणि मूठभर चारोळी इकडे येई. त्यांची भाषा आम्हांस कळत नसे. ती मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातलीच नव्हे, मुंडा कुळातील आहे, हे आम्ही पुष्कळ पुढे वाचले. पण देवघेवीत भाषेवाचून काही अडले नाही. मुले मात्र खिडकीशी. खाली दिसणारे रूळ आपलेच, आपण आत्ताच तेथून आलो, हे पटेपर्यंत गाडी पुढे गेलेली असे.

वाघ आणि गाडी

१ जानेवारी २०१७ पासून अकोला-खांडवा छोटी गाडी बंद झाली. कारण सरळ होते. देशभर छोटे मार्ग काढून रुंद मार्ग घातले जात होते. अकोल्याच्या दक्षिणेचा भाग त्याआधीच रुंद झाला होता. दोन-तीन वर्षांत मोठी गाडी येईल, असे सर्वजण म्हणत. अकोल्याकडून अकोटपर्यंत रुंद मार्ग झाला व २०२२ च्या नोव्हेंबरात त्यावर प्रवासी गाडी सुरूही झाली. खांडव्याकडून आमला खुर्दपर्यंतचे काम झाले. अडले ते मधल्या तुकड्यावर. मधला तुकडा म्हणजे मेळघाट.

मेळघाट हा महाराष्ट्रातील पहिला व्याघ्रप्रकल्प. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ प्रकल्प जाहीर झाले, त्यांपैकी तो एक. छोटी गाडी धीमी होती आणि दिवसातून मोजक्या वेळा जाई. रुंद मार्ग म्हणजे वेगवान गाड्या, अहोरात्र मालवाहतूक, मोठी वळणे, नवे बोगदे व रुंद पट्ट्यातील झाडांची तोड. वन्यजीव अभ्यासकांनी यास हरकत घेतली. २०२१ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेमंत्र्यांस पत्र लिहून मार्ग अभयारण्याबाहेरून न्यावा अशी विनंती केली. अखेर सोनाळा, जामोद, खकनार या बाजूने डोंगराला वळसा घालून तुकईथडला मिळणारा पर्याय पुढे आला. अंतर वाढते, खर्चही वाढतो. परंतु वाघाचे रान मोकळे राहते आणि बुलढाणा जिल्ह्याच्या व आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या ज्या गावांनी कधी रेल्वे पाहिली नाही, त्यांच्या दाराशी ती येते. हे लिहीत असता मधला दुवा अद्याप जुळलेला नाही.

आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो की, प्रथम आम्हांस या हरकतींचा राग आला होता. ताई त्या वेळी पंच्याहत्तरी ओलांडलेली. भाऊबीजेस ती दरवर्षी येई. गाडी बंद झाल्यावर अकोटहून अकोला, अकोल्याहून भुसावळ, भुसावळहून बुऱ्हाणपूर असा फेरा पडू लागला. जिने चढणे-उतरणे तिला झेपेना. दोन वर्षे मुलांनी मोटारीने आणले, नंतर ओवाळणे टेलिफोनवरच होऊ लागले. आम्ही रागाच्या भरात एक लांबलचक पत्र लिहिले. जुनाच मार्ग रुंद करावा, माणसांपेक्षा वाघ मोठे झाले काय, असा त्याचा मथितार्थ. पाठविण्यापूर्वी ते ताईला वाचून दाखविले.

ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘‘अरे, तू माझ्या नावानं भांडतोस, पण मला काय, लेकरं मोटारीनं आणतील. त्या डाबक्याच्या, धूळघाटच्या बायांना दवाखान्यात जायला तीच गाडी होती. त्यांच्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. आणि वाघाबद्दल म्हणशील, तर रान त्याचं. आपण डबा खाऊन जाणारे.’’

ते पत्र आम्ही पाठविले नाही. पण तिचा पहिला मुद्दा आमच्या मनातून जात नाही. मार्ग रानाबाहेरून नेला हे योग्यच झाले, असे आता आम्हांस वाटते. मात्र रानात ज्यांची गावे आहेत, त्यांची एकुलती एक गाडी गेली, त्याची भरपाई केवळ वाघ वाचल्याने होत नाही. नवी रेल्वे त्यांच्या गावांजवळून जाणारच नाही. निदान तुकईथडच्या किंवा हिवरखेडच्या स्थानकाशी मिळणारी नेमाची बस या गावांतून सुटावी, एवढी मागणी तरी कोणी लावून धरावयास हवी. नकाशावर नवी रेघ काढताना जुन्या रेघेवरची माणसे कोठे गेली, हे विचारणे आपलेही काम आहे.

ताई २०२२ च्या पावसाळ्यात गेली. अकोटची मोठी गाडी सुरू झाली, ती त्यानंतर काही महिन्यांनी.

आपल्या पायाखाली

नातवाला चारचा आकडा दाखवावा, अशी भाच्याची फार इच्छा होती. परंतु ते ठिकाण आता संरक्षित रानात आहे. तेथे मनास येईल तेव्हा मुले घेऊन हिंडणे योग्य नाही. तेव्हा आम्ही त्यास दुसरी एक जागा दाखविली. ती गावातच आहे आणि आम्ही बुऱ्हाणपूरकर तिच्याकडे फारसे फिरकत नाही. ती म्हणजे कुंडी भंडारा, ज्याला खुनी भंडाराही म्हणतात.

१६१५ साली, जहांगिराच्या कारकिर्दीत, अब्दुर्रहीम खानखानान येथील सुभेदार असताना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना सिद्ध केली, असे सांगतात. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. ते मध्येच अडवून भुयारातून गावाकडे वळविले आहे. भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या बांधलेल्या आहेत. एकट्या या भंडाऱ्यास शंभराहून अधिक कुंड्या आहेत. हवा आणि उजेड आत जावा व माणसास उतरून साफसफाई करता यावी म्हणून ही सोय. भुयाराचे पाणी जाळी करंज येथे गोळा होऊन तेथून शहरात जात असे. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. सर्व काम उताराचे. आजही तेथील पाळण्याने सुमारे ऐंशी फूट खाली उतरले की पायाशी स्वच्छ, गार पाणी वाहताना दिसते. भिंतींवर चुन्याची पांढरी पुटे साचली आहेत. हीच पुटे जागोजाग भुयार अरुंद करीत आहेत. वर वस्ती वाढते आहे आणि खोल नलिका-विहिरी तेच पाणी ओढून घेत आहेत. २०२४ साली या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, ही समाधानाची गोष्ट. पण यादीत नाव असल्याने भुयार साफ होत नाही.

मुलगा खाली वाकून बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. मग त्याने खिशातून कागद काढला, त्याची होडी केली व पाण्यात सोडली. ती अगदी सावकाश, पण न थांबता निघाली. ‘‘उतार दिसतच नाही, तरी जाते,’’ तो म्हणाला. फार उतार दिला असता तर पाणी भुयार खरवडीत गेले असते. कमी दिला असता तर गाळ बसला असता. चारशे वर्षांपूर्वी कोणी हा हिशेब बरोबर मांडला होता. धूळघाटच्या अभियंत्यांनी गाडीसाठी मांडला तोही तसाच, आणि वीहॉकनच्या अभियंत्यांनी मोटारींसाठी मांडला तोही तसाच. चढ जेवढा सोसतो तेवढाच द्यावयाचा आणि राहिलेली वाट फिरून पुरी करावयाची. (ती होडी दुसऱ्या कुंडीपाशी आम्ही उचलून घेतली, हेही सांगून ठेवतो, पाण्यात कचरा टाकल्याचा दोष नको.)

एक विनंती

परत निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने ताईचा पितळी डबा मागितला. तो आम्ही दिला. न्यू जर्सीला त्याचा काय उपयोग, असे सूनबाईंनी विचारताच मुलगाच म्हणाला की, एक दिवस बाबांच्या बसमधून आपण जायचे आणि वळशावर डबा उघडायचा. तेथे बसमध्ये खाण्यास परवानगी असते किंवा कसे, हे आम्हांस ठाऊक नाही. धपाट्यांची कृती मात्र सूनबाईंनी लिहून घेतली.

धूळघाटचा वेढा आता रेल्वेच्या उपयोगाचा राहिलेला नाही. रूळ उचलले तरी मातीचा भराव आणि पुलाचे दगड काही वर्षे राहतील. मग रान त्यांना आपले म्हणेल. वनखात्याच्या देखरेखीखाली, वन्यप्राण्यांस उपद्रव न होता, त्या पुलाची नीट मोजणी व छायाचित्रे तरी होऊन राहावीत, असे आम्हांस वाटते. पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात २०१८ पासून जुन्या छोट्या मार्गावर पर्यटकांसाठी गाडी चालविली जाते. धूळघाटास ते शक्य नाही आणि इष्टही नाही. पण आठवण ठेवण्यास गाडी लागत नाही.

वाचकांपैकी अनेकांनी त्या मार्गाने प्रवास केला असेल. कोणाचे वडील त्या मार्गावर स्थानकप्रमुख असतील, कोणाचे आजोबा बांधकामावर. जुन्या पेटीत एखादे तिकीट, एखादे छायाचित्र, वेळापत्रकाचे एखादे पान असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. मागच्या बाजूस नाव आणि साल लिहून ठेवावे. आमच्याकडे एकच छायाचित्र आहे. पुलावर गाडी आहे, खिडकीतून ताई वाकून खाली पाहते आहे आणि तिच्या हातात धपाट्याचा तुकडा आहे. मागे साल लिहावयाचे राहून गेले.